पेट्या मोजून निघालेली गाडी

—नाही, नाही, आधी बस. उभ्या माणसाशी बोलायचं म्हणजे माझी मान अवघडते. ती पिशवी ठेव खाली, कुणी पळवत नाही ती. टेक्सारकानाहून आलीस म्हणजे इंजिनामागच्या आपल्या काळ्यांच्या डब्यातनं आलीस — तोंडावर सगळी काजळी बसलीय बघ. घे, हे ओलं फडकं घे. मी काय सांगत होते? हां, न्यूयॉर्क. अगं, न्यूयॉर्कला गेला म्हणजे माणूस काही परलोकी गेला नाही! सगळेच जातात तिकडे. तुझा एझेल काही पहिला नाही, आणि शेवटचाही नाही. तिकडच्या मोठ्या बँडचे लोक येतात, चांगले सूट घालून, मागे भिंतीला टेकून उभे राहतात, नाचत नाहीत की काही नाही, नुसतं ऐकतात — आणि मध्यंतरात एखाद्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेतात. झालं. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. आमचा थॅडिअस चिडून म्हणतो, मी काय रोपवाटिका घातलीय का, मी वाढवायचे आणि ह्यांनी उपटून न्यायचे? — काय? तुला कळवलं नाही? अगं पुरुष तो. नव्याची नवलाई असेल. कळवेल. तू आधी खाऊन घे.

चवळी आहे, मक्याचा पाव आहे, ताक आहे. नको काय? प्रवासात काही खाल्लं असशील तर शपथ. आपल्याला कुठल्या स्टेशनावर ताट वाढून ठेवलेलं असतं! खा गं. हे घर म्हणजे थॅडिअसच्या बँडची धर्मशाळाच आहे, माझा नवरा गेल्यापासून. मी त्याची थोरली बहीण, लुडी — ते तुला माहीतच असणार, नाहीतर तू थेट माझ्या दारात कशी आलीस. वरच्या दोन खोल्यांत नुसत्या गाद्या टाकल्यात. दौऱ्यावरनं आले की सगळे मेल्यासारखे पडतात. ओक्लाहोमा म्हणू नकोस, कॅन्सस म्हणू नकोस — जिथे म्हणून लाकडी जमीन आणि वर पत्रा असेल तिथे हे जाऊन वाजवणार. आमचे लोक नाचतात तिथे वाजवतात, गोरे नाचतात तिथेही वाजवतात. गोऱ्यांना आमचं जॅझ फार आवडतं, आमचं तोंड तेवढं बघवत नाही. थॅडिअसचा पियानो ऐकलायस तू? नाही? पियानोवर बसला की देवमाणूस, आणि उठला की नुसता कडक मास्तर. शर्टाला खळ, जिभेला धार. त्याचे नियम ठरलेले — वेळेवर यायचं, पिऊन यायचं नाही, आणि दुसऱ्याच्या वाद्याच्या पेटीला हात लावायचा नाही. ज्याचं वाद्य, त्याची पेटी, त्याने वाहायची. आमचा लेलंड, माझा मुलगा, ड्रम वाजवतो — त्याला सख्ख्या मामाकडून सगळ्यांत जास्त बोलणी बसतात.

एझेल? चांगला होता गं. — आहे. चांगला आहे. फार दिवस नव्हता आमच्यात, पण मला आवडायचा, उष्टं ताट स्वतः उचलणारा एवढाच एक. दुपारी मागच्या पायरीवर बसून हळूहळू काहीतरी वाजवायचा, आणि मी हात साबणात तसेच ठेवून ऐकत उभी राहायचे. वेड्यासारखी! मी, जिच्या घरात सकाळ-संध्याकाळ नुसता धिंगाणा. आणि तुझं तर किती सांगायचा — माझी कोरीन असं म्हणते, माझ्या कोरीनला मासे तळताना कुणी मध्ये आलेलं चालत नाही. पोरं चिडवायची त्याला. लेलंड तर त्याला ‘कोरीनचे यजमान’ म्हणूनच हाक मारायचा. बरं, ते जाऊ दे, आठवलं म्हणून सांगते — तुझ्यासाठी एक वस्तू ठेवलीय मी. म्हणजे तू येशील न येशील, पण घरच्या माणसाकडेच जायला हवी, म्हणून माझ्या पलंगाखाली ठेवलीय. त्याचा सॅक्सोफोन.

अशी काय बघतेस? अगं, तिकडे नवे देतात! मोठ्या बँडात सगळ्या ओळीला एकसारखे देतात, चकचकीत, दिवा लावला की डोळे दिपतील असे. जुनं डबडं घेऊन तिथे कोण बसू देणार? लेलंडनेही हेच विचारलं होतं, एझेल गेला आणि त्याची पेटी कशी काय मागे राहिली — थॅडिअसने त्याला नीट समजावलं. पटलं त्याला. तू पण जरा — अगं, कुठे निघालीस? पलंगाखालीच, पण त्या बाजूला, ट्रंकेच्या मागे. जपून, पेटीची कडी खिळखिळी आहे. टेबलावर ठेव. उघड हवं तर. मी नाही उघडली कधी, दुसऱ्याची पेटी आपण कशाला उघडा.

आता काय दाखवतेस मला? ... हो. दिसतंय. माउथपीस आहे.

दिसतंय गं मला, आंधळी नाही मी. चाळीस वर्षं वाजवणाऱ्यांचं खरकटं काढतेय. माणूस वाद्य बदलेल, पण तोंडात धरायचा तो तुकडा बदलणार नाही, माहितीय मला. दातांची त्याला सवय झालेली असते. लोक तो फडक्यात गुंडाळून खिशात ठेवतात, उशाशी घेऊन झोपतात. न्यूयॉर्कला जाणारा माणूस एक वेळ बूट विसरेल. — नको, रडू नकोस. रडत नाहीयेस? मग रड बाई, रड, असं नुसतं बघू नकोस माझ्याकडे. मी थॅडिअसला सांगितलं होतं की हे टिकणार नाही, कुणीतरी येईल दाराशी. तो म्हणाला, येऊ दे, चिडलेली बायको जगते, नवऱ्याला शिव्या देत देत दुसरं लग्न करते, लुडी, तू फक्त न्यूयॉर्क म्हण. आणि मी म्हटलं. बस खाली. सांगते. पण मला मध्ये थांबवू नकोस, थांबले तर पुन्हा माझ्याने बोलवणार नाही.

एक गाव आहे. नाव नाही घेणार मी ह्या घरात. गव्हाचं गाव, श्रीमंत, मोठी जत्रा भरते. वेशीवर पाटी आहे — काय लिहिलंय ते तुला सांगायला नको, तुमच्याकडेही असतील तसली गावं. सूर्य बुडाल्यावर आपल्या रंगाचा माणूस गावात दिसता कामा नये. पण नाचायला बँड आपलाच हवा! म्हणून दुपारचा नाच. थॅडिअस तिथे दर वर्षी जातो, आणि निघायची त्याची एक रीत आहे. नुसतं वाजवणं थांबवलं, सामान आवरायला घेतलं, तर ती माणसं चिडतात, त्यातले निम्मे प्यायलेले असतात — दारूबंदी आपली कागदावर. मग ते अडवतात, अजून एक वाजवा म्हणतात, आणि तेवढ्यात उन्हं जातात. म्हणून शेवटचं गाणं सुरू झालं की एकेकाने वाजवता वाजवताच उठायचं. आधी ट्रॉम्बोन, मग ट्रम्पेट, मग सॅक्सोफोनची ओळ. मागच्या दाराने बाहेर, वाद्य पेटीत, पेटी गाडीत. नाचणाऱ्यांना पत्ता लागत नाही, कारण ताल चालूच असतो. शेवटी लेलंड आणि थॅडिअस. मग लेलंडही एक ढोल काखेत मारून सटकतो. राहतो थॅडिअस एकटा, आणि एकटा असा वाजवतो की त्यांना वाटावं पंधरा माणसं वाजवतायत. पियानो काय, उचलून न्यायचा नसतो. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं की तोही उठतो आणि पळत सुटतो. माझा भाऊ भित्रा नाही, कोरीन. हे ऐकून घे आधी. दर वेळी सगळ्यांत शेवटी तोच.

आणि गाडीत माणसं मोजत नाहीत. पेट्या मोजतात. कुणी हाका मारायच्या नाहीत, नावं घ्यायची नाहीत, अंगावर घोंगड्या ओढून खाली वाकून बसायचं. म्हातारा हॉझिया गाडी चालवतो, तो गाडीच्या मागच्या दारातनं पेट्यांवर हात फिरवतो, पेटी आली म्हणजे माणूस आला. ज्याची पेटी त्याने वाहायची — म्हणून तर तो नियम. इतकी वर्षं कधी चूक झाली नाही.

त्या दिवशी एझेलचं पोट बिघडलं होतं. तिथे आपल्या लोकांना शौचाला जागा नाही, जत्रेच्या कुंपणापलीकडे एक घळ आहे, तिथवर जायचं. तो आपल्या वेळेला उठला, बाहेर आला, सॅक्सोफोन पेटीत घातला, पेटी नाचघराच्या दाराशी ठेवली आणि घळीकडे गेला. वेळ होता. शहाण्यासारखं वागला तो, पेटी गाडीत नाही ठेवली, म्हणजे हॉझियाला कळलं असतं एक पेटी कमी आहे, थांबला असता. सगळं रीतीप्रमाणे केलं त्याने. पण दाराशी पेटी पडलेली दिसली, कुणालातरी वाटलं नवा माणूस आहे, घाईत विसरला, इथे राहिली तर गोरी पोरं लाथा मारून तोडतील. उचलली आणि गाडीत ठेवली. वाईट मनाने नाही गं, चांगुलपणानेच, नियम विसरून. त्याचा स्वभावच तसा आहे, लहानपणापासून, दुसऱ्याचं ओझं दिसलं की हात पुढे — माझ्या पोटचा आहे म्हणून नाही सांगत —

...

हो. लेलंडने.

झालं, बोलून गेले मी. तोंड आहे की काय आहे हे माझं! थॅडिअसने एवढा बंदोबस्त केला, सगळ्या गाडीच्या गळी न्यूयॉर्क उतरवलं, आणि मी एका ताक-भाकरीवर सगळं सांडून बसले. लेलंडला माहीत नाही. ऐकतेयस? त्याला माहीत नाही. त्याला वाटतं एझेल जत्रेतल्या कुठल्यातरी सूटवाल्या माणसाबरोबर गेला आणि जुना सॅक्सोफोन मुद्दाम सोडून गेला. त्याला वाटतं, आपण पेटी उचलून आणली ते बरंच केलं.

थॅडिअसला नदीचा पूल ओलांडल्यावर कळलं. वादनातल्या चुका सांगायला तो मागे वळला — तो आयुष्यात कधी गप्प बसलाय? — आणि खिडकीजवळची जागा मोकळी. पेटी आहे, माणूस नाही. उन्हं गेलेली. पोरं दमून झोपलेली, लेलंडचं डोकं खिडकीला टेकलेलं. सगळे होते गाडीत, आणि एक मागे. माघारी फिरायचं तर ह्या सगळ्यांना घेऊन फिरायचं, दुसरी गाडी नाही, दुसरा रस्ता नाही. तू काय केलं असतंस? नाही, सांग ना. मी रोज विचारते स्वतःला, आणि मला उत्तर येतं, लगेच येतं. थॅडिअस एवढंच म्हणाला, हॉझिया, चालव. इथे आला तो ह्याच खुर्चीवर बसला, टोपीसुद्धा काढली नाही, आणि मला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं माझा भाऊ रडेल. नाही रडला. म्हणाला, लुडी, मी माझ्या हाताने त्याला सोडला. आता तो माणसं मोजतो, माहितीय? पेट्या नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतो, गाडी नुसती कोपऱ्यावर न्यायची असली तरी. पोरं हसतात त्याला, म्हणतात म्हातारा झाला.

विचार. मला माहीत होतं तू हे विचारणार. हो, पक्कं. रेल्वेच्या रुळांवर काम करणारी आपली माणसं आहेत, दिवसाची तिथनं जातात, त्यांना सापडला. थॅडिअस त्यांना जाऊन भेटला. एझेल रुळांवरनं चालत निघाला होता, आपल्याच दिशेने, आणि बराच चालला होता. पुलाच्या अलीकडे गाठलं त्याला. कुणी ते कुणी सांगत नाही, आणि शेरीफ म्हणतो, असा कुणी माणूस आमच्याकडे आलाच नव्हता. त्या रूळवाल्यांनी त्याला गावाच्या हद्दीबाहेर पुरला, बायबलमधलं आठवलं तेवढं म्हटलं, आणि वर रुळांखालचा एक लाकडी स्लीपर उभा केलाय. मी विचारलं थॅडिअसला, जास्त हाल झाले का. त्याने तोंड फिरवलं. तुला खोटं सांगणार होते मी, की नाही झाले म्हणून. पण आता कशाला.

मला शिव्या दे. दे ना. हे बघ, सगळं सांगितलंय तर हेही सांगते, तुझ्या तोंडावर सांगते, मागाहून तुला कळण्यापेक्षा बरं. थॅडिअस बोलायचा थांबला तेव्हा मी एझेलसाठी नाही रडले. मी आत गेले, गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं, गाडी माघारी फिरवली नाहीस, तुझे उपकार. माझा लेलंड वर झोपला होता, घोरत होता. त्या घोरण्यावर मी देवाचे आभार मानले, आणि खाली तुझ्या नवऱ्याने स्वतः उचलून ठेवलेलं भांडं तसंच होतं फळीवर. मला ह्यातनं सुटका नको आहे तुझ्याकडून. माफ कर म्हणत नाही. मी आई आहे, पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच म्हणेन.

फक्त एक मागते. त्याला नको सांगूस. तो कच्च्या मनाचा आहे, कोरीन. कुत्रं गाडीखाली आलं तर तीन दिवस जेवत नाही. हे कळलं तर तो ड्रमच्या काठ्या मोडेल, आणि नुसत्या काठ्या मोडून थांबणारा नाही, मी ओळखते माझ्या पोराला, त्याचा बाप असाच एका हिवाळ्यात — जाऊ दे. तू जा. मागच्या दाराने जा, स्टेशनाकडे उतार आहे, गाडी मिळेल. सॅक्सोफोन घेऊन जा. त्या रूळवाल्यांच्या मुकादमाचं नाव सांगते, तो तुला दिवसाउजेडी नेऊन आणेल तिथे, थडगं दाखवेल. हवा तर हा माझा कोट घे, वारा फार असतो तिकडे. ऊठ पोरी. ऊठ ना! अशी खिळल्यासारखी बसू नकोस, ते आज संध्याकाळी यायचेत —

तो बघ हॉर्न. अरे देवा, उन्हं असताना कसे आले? रस्ता चांगला असेल. बंद कर ती पेटी. कोरीन, पेटी बंद कर! दे इकडे मला. का धरून बसलीस? — ठीक आहे. तुझीच आहे. तुझ्या नवऱ्याची आहे, मी कोण ओढून घेणारी.

तो पुढे दिसतोय तो हॉझिया. मागची पोरं उतरतायत. आणि तो उंच, ढोल डोक्यावर घेऊन हसत येतोय तो लेलंड. माझा. थॅडिअस खाली उतरत नाहीये. त्याने खिडकीतनं बघितलंय, टेबलावर पेटी, आणि तू. बसलाय तसाच गाडीत.

नाही अडवणार मी तुला. नवरा तुझा गेलाय. तुला जे सांगायचं ते सांग. मी इथेच उभी राहते.

—ये रे. पाय पूस आधी, किती धूळ! हो, पाहुण्या आहेत. ह्या कोरीन. हो, हो, त्याच. एझेलच्या. अरे हळू, काय मिठी मारतोस, ओळख ना पाळख! — बोल ना तूच, माझ्याकडे काय बघतोस?

तो तुला विचारतोय, पोरी. एझेल बरा आहे ना तिकडे, म्हणून.